आधी उसळ, मग भाकरी

प्रश्न : माझं वय ४६. वाळवा तालुक्यात राहते, शेतात राबते, अंगानं बारीक आहे. रक्त तपासलं तर उपाशीपोटीची साखर १०९ आणि एचबीए१सी ६.१ आली. डॉक्टर म्हणाले, मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर आहात. गोळी नको, खाणं सांभाळा. पुण्याची भाची सांगते की जेवताना काकडी, उसळ आधी खायची आणि भाकरी मागनं, म्हणजे साखर कमी चढते. पोटात गेल्यावर सगळं एकच होतं, मग आधी काय नि मागनं काय, यानं खरंच फरक पडतो का? आणि आम्ही तर भाकरी आमटीत कुस्करून खातो.

उत्तर : फरक पडतो, आणि रक्त तपासून मोजता येईल इतका पडतो. न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. अल्पना शुक्ला आणि डॉ. लुई अरॉन यांच्या गटानं २०१५ मध्ये मधुमेहाच्या ११ रुग्णांना तेच जेवण दोन वेगळ्या दिवशी दिलं. एके दिवशी पाव आणि संत्र्याचा रस आधी, पंधरा मिनिटांनी कोंबडी आणि भाज्या. दुसऱ्या खेपेला बरोबर उलट. पाव मागून खाल्ला त्या दिवशी तासाभरानंतरची साखर ३७ टक्क्यांनी कमी भरली. पुढं त्याच गटानं तुमच्यासारख्या उंबरठ्यावरच्या १५ जणांवर हा प्रयोग केला, तेव्हा जेवणानंतर साखर जितकी वर चढते तो चढ ४० टक्क्यांहून जास्त घटला. माणसं थोडी होती हे खरं. पण जपानमध्ये भाताआधी भाज्या आणि भाताआधी मासे देऊन वेगळ्या डॉक्टरांनी केलेल्या प्रयोगांतही हेच दिसलं. भाचीचं म्हणणं बरोबर आहे.

पोटात सगळं एक होतं, हेही खरं. पण ते एकाच वेळी पुढं सरकत नाही. साखर रक्तात शिरते ती लहान आतड्यातून, आणि जठर आपलं खालचं तोंड उघडझाप करत अन्न थोडंथोडं तिकडं ढकलतं. रिकाम्या पोटी नुसती भाकरी गेली की तिचा लगदा भराभर खाली उतरतो. आधी कडधान्य, दही किंवा अंडं गेलेलं असेल तर आतड्याला त्याची खबर लागते, तिथून जीएलपी-१ नावाचं संप्रेरक सुटतं आणि जठर आपला वेग कमी करतं. स्वादुपिंडही इन्शुलिन सोडायच्या तयारीला लागतं. तुमच्या बाबतीत हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे, कारण उंबरठ्यावरच्या माणसाचं पहिल्या काही मिनिटांतलं इन्शुलिनच तोकडं पडतं. नंतर ते येतं, पण तोवर साखर चढून बसलेली असते.

कोयना धरणातलं तेवढंच पाणी चार दिवसांत सोडलं तर सांगलीत आयर्विन पुलाखालून निमूट जातं, एका रात्रीत सोडलं तर ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडतं. तसंच इथं. भाकरीतून मिळणारी साखर जवळपास तेवढीच राहते; ती किती वेळात रक्तात उतरते, ते क्रमानं बदलतं.

आता कुस्करण्याचं. शुक्लांच्या गटानं २०१७ मध्ये १६ रुग्णांना हेच पदार्थ तीन तऱ्हांनी दिले: पाव आधी, पाव शेवटी, आणि सगळं एकत्र, सँडविच करून. पाव शेवटी खाल्ल्यावर साखर सँडविचपेक्षाही बरीच कमी चढली. आमटीत भिजलेली भाकरी ही या सँडविचच्याच जातीची. पण म्हणून कुस्करा सोडा असं मी म्हणणार नाही. आयुष्यभर ज्या घासानं पोट भरल्यासारखं वाटलं तो सोडायला सांगितलं, तर माणूस आठवड्यात पथ्यच सोडून देतो. ताटात आधी मोकळी उसळ वाटीभर घ्या, सोबत काकडी, मुळा किंवा कांद्याची पात, आणि चमच्यानं नुसतीच खा. दहा मिनिटं जाऊ द्या. मग आमटी वाढून घ्या आणि खुशाल भाकरी कुस्करा.

यासाठी बाहेरचं काही आणायला नको. कोरेगावच्या वाघ्या घेवड्याला भौगोलिक मानांकन मिळालंय. मटकी, हुलगे, पावटा तुमच्या शिवारातलेच. तुमच्या भागातल्या ढाब्यावर अख्खा मसूर मागवलात तर रोटी यायच्या आत अर्धी वाटी संपवा. मटणाच्या जेवणात अळणी पिऊन भागत नाही, त्यात बहुतेक पाणीच असतं. फोडी आधी खा. बटाट्याची भाजी मात्र या हिशेबात भाजी धरू नका, ती भाकरीच्या बाजूची. आणि ज्वारी साखरेला चालते म्हणून भाकरीकडं काणाडोळा करण्याची आपल्याकडं रीत आहे, ती बरी नव्हे. ज्वारीत तंतू भरपूर असतात, भातापेक्षा ती सरस आहे, पण १०० ग्रॅम ज्वारीत ६८ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात. क्रम पाळतो म्हणून दोनाच्या तीन भाकरी झाल्या, तर कमावलेलं तिथंच गेलं.

मला खरी काळजी वेगळ्या गोष्टीची वाटते. आपल्या घरांत बाई शेवटी जेवते. कारभारी जेवले, पोरं जेवली, म्हातारी माणसं जेवली, की पातेल्याच्या तळाशी रस्सा उरतो. त्यातली मटकी केव्हाच संपलेली असते. दही असेल तर ते पोरांना गेलेलं असतं. दुरडीत भाकरी मात्र असते, मग रस्सा-भाकरी-ठेच्यावर तिचं जेवण होतं, तेही घाईत. तिला ‘आधी उसळ खा’ असं सांगून काय उपयोग? वाढायला घेण्याआधीच तुमची वाटी भरून झाकून ठेवा. कुणी काही म्हणालं तर डॉक्टरांनी सांगितलंय म्हणा. घरातल्या इतरांनी हे वाचलं तर ती वाटी त्यांनी बाजूला काढावी, हे जास्त चांगलं.

बारीक असून साखर कशी, हा प्रश्न तुमच्या मनात असणारच. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो छापला. दोघांचा बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा, २२.३. पण अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२. आपल्याकडं वरून सडपातळ दिसणाऱ्या अंगातही चरबी जास्त आणि स्नायू कमी असू शकतात, म्हणून वजनकाट्यावर विसंबून चालत नाही.

क्रमाची मर्यादाही सांगायला हवी. शुक्लांच्याच गटानं उंबरठ्यावरच्या लोकांना १६ आठवडे हा क्रम पाळायला लावला. ते भाज्या जास्त खाऊ लागले, पण एचबीए१सीमध्ये, म्हणजे काही महिन्यांच्या सरासरी साखरेत, हा क्रम न सांगितलेल्या दुसऱ्या गटाच्या तुलनेत ठळक फरक दिसला नाही. जेवणानंतरचा चढ कमी करणं आणि उंबरठ्यावरून मागं फिरणं ही दोन वेगळी कामं आहेत. दुसऱ्यासाठी भाकरी-भाताचं माप, रात्रीच्या जेवणानंतर पंधरा मिनिटं चालणं आणि पुरेशी झोप लागते. किडनीचा त्रास असेल तर कडधान्य वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा. पुढं कधी साखर उतरवणारी गोळी किंवा इन्शुलिन सुरू झालं तर जेवणातला हा बदल डॉक्टरांच्या कानावर घाला.

तुमच्या अंगाला याचा किती गुण येतो, ते घरीच पाहता येतं. गावात कुणाकडं ग्लुकोमीटर असेल तर तो आणा, सुई आणि पट्टी मात्र नवी घ्या. एका दिवशी नेहमीसारखं जेवा, दोन दिवसांनी त्याच वेळेला तेवढीच भाकरी, तेवढीच उसळ, पण उसळ आधी. दोन्ही दिवशी जेवणाआधी एकदा, आणि पहिल्या घासापासून एक तासानं व दोन तासांनी साखर मोजा. दोन तासांचा आकडा गाळू नका. साखर नुसती उशिरा चढली की खरंच कमी चढली, ते त्यावरून कळतं. आकडे वहीत लिहून ठेवा आणि पुढच्या तपासणीला जाताना वही सोबत न्या.