जुना अ‍ॅम्प चालू करण्याआधी

अरे, रिची स्ट्रीटवरून तू आणलेला तो कॉस्मिकचा अ‍ॅम्प काल मी उचलून पाहिला. वजन चांगलं आहे, म्हणजे ट्रान्सफॉर्मर मूळचा असावा. वस्तू छान मिळाली. पण मामाचं एक ऐक: दुकानात वाजवून दाखवला म्हणून घरी आणल्या आणल्या भिंतीतल्या प्लगला लावायचा नाही.

आधी सिरीज बोर्ड, म्हणजे करंट बल्बमधून जाऊन मग अ‍ॅम्पला मिळतो तो बोर्ड. ६० किंवा १०० वॉटचा साधा तारेचा बल्ब हवा, एलईडी इथे चालत नाही. स्पीकर न जोडता अ‍ॅम्प त्यातून चालू कर आणि बल्बकडे बघत राहा. क्षणभर भक्कन पेटून विझत आला तर आत शॉर्ट नाही. लख्ख जळतच राहिला तर लगेच बंद कर. त्या बल्बने तुझा अ‍ॅम्प वाचवला. बल्ब विझत आला तरच पुढे सरळ लाइनवर लाव, आणि मीटर डीसीवर ठेवून स्पीकरच्या टोकांवर धर. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर बिनधास्त जोड. व्होल्ट-दोन व्होल्ट दिसले तर मिस्त्रीकडे ने, कारण तो करंट स्पीकरची कॉइल जाळतो. उद्या बर्मा बझारात एखादा परदेशी अ‍ॅम्प आवडला, तर आधी मागची पट्टी वाच. जपानचा १०० व्होल्टचा असतो, अमेरिकेचा १२०चा, आणि आपल्या घरात २३०.

आता खरखर. सगळे म्हणतात पार्ट गेलाय. मला नाही पटत. आपण विट्याकडची गलाईवाल्यांची माणसं, सौकारपेटेतल्या दुकानात चांदी कशी काळवंडते ते तू रोज बघतोस. चेन्नईच्या या समुद्राकाठच्या दमट हवेत सिलेक्टरच्या आतल्या पट्ट्यांचं तसंच होतं. एक बाजू गप्प होते, नॉब हलवला की परत येते. प्लग काढ, कॉन्टॅक्ट क्लीनरची नळी व्हॉल्यूमच्या मागच्या फटीत घाल, थोडंसं मार आणि नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत तीसेक वेळा फिरव. बोटाला आधी कचकच लागते, मग नॉब लोण्यासारखा फिरतो. प्रत्येक बटणाचं असंच कर. शिवणयंत्राचं तेल मात्र घालू नकोस, त्याला धूळ चिकटते. आणि आवाजच येत नसेल तर सगळ्यात आधी टेप मॉनिटरचं बटण दाबलेलं आहे का बघ. त्या एका बटणापायी लोक चांगले अ‍ॅम्प भंगारात देतात, याचं मला फार वाईट वाटतं.

जोडताना फोनोचं भोक फक्त रेकॉर्ड प्लेअरला. सुईतून येतात जेमतेम ५ मिलिव्होल्ट, सीडी प्लेअर देतो २ व्होल्ट, म्हणजे चारशे पट. सीडी, मोबाइल, ब्लूटूथचा डबा, सगळं ऑक्सला. रेकॉर्ड लावल्यावर घूं घूं आली तर प्लेअरची अर्थची बारीक तार मागच्या स्क्रूला बांध. मागे पाच पिनांचं गोल डिन सॉकेट असेल तर मधली पिन ग्राउंडची, तीन नंबर डावी, पाच नंबर उजवी.

१९८५ साली मूर मार्केट जळालं, त्याच्या आदल्या वर्षी तिथून मी भीमसेनांची एक जुनी तबकडी आणली होती. ऐकायच्या घाईत स्पीकरची तार नीट पिळली नाही. एक केस शेजारच्या टोकाला टेकला आणि आउटपुट ट्रान्झिस्टरची जोडी गेली. तेव्हापासून मी टोकांना डाख देऊनच तार लावतो. तुझा हात तर आमच्यापेक्षा साफ आहे. तांब्याची दीड एमएमची वायर पुरे, महागड्या केबलवर पैसे घालवू नकोस. आणि ४ ओहमच्या दोन जोड्या एकदम लावायच्या नाहीत. मिळून २ ओहम होतात आणि अ‍ॅम्प तापून बसतो.

सुधारणा करायची तर पहिले पैसे स्पीकरवर, मग सुईवर. आतले मोठे कपॅसिटर चाळीस वर्षांत सुकलेले असतात. बदलताना मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, आणि आपल्याकडच्या उकाड्यासाठी १०५ डिग्रीचा माग. प्लग काढल्यावरही ते भरलेले राहतात. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडायची नाही. १०० ओहम, ५ वॉटचा रेझिस्टर चिमट्यात धरून टोकांना लाव आणि मीटरवर शून्य आल्याशिवाय बोट घालू नकोस. एका वेळी एकच गोष्ट बदल, ऐक, दोन दिवस वाजू दे. सगळं एकदम बदललंस तर काय बिघडलं ते कळणार नाही.

तुझ्या आईने त्यावर विणलेला रुमाल टाकलाय, तो काढ. झाकणाच्या जाळीतून गरम हवा बाहेर जायला हवी. मी शनिवारी सिरीज बोर्ड घेऊन येतो. तोवर प्लग काढूनच ठेव.