नुसती उन्हाळी नव्हे गं ती

धाकटे, काल फोनवर आवाज बारीक करून म्हणालीस, "ताई, उन्हाळी लागलीय वाटलं होतं, पण इन्फेक्शन निघालं." लाजतेस काय त्यात? सोलापूरचा मे महिना, पारा 43-44ला, दिवसभर दुकानात उभं राहायचं आणि बायकांना जायला जागा नाही म्हणून घोटभर पाण्यावर दिवस काढायचा. दुसरं काय होणार? धने-जिऱ्याचं पाणी, सब्जा सगळं मीही करून बसलेय. गार वाटतं, पण जंतू त्यानं मरत नाहीत.

चिठ्ठीचा फोटो बघितला. नायट्रोफ्युरँटॉइन, सकाळ-संध्याकाळ, 5 दिवस. ही उपाशीपोटी घेऊ नकोस. आधी भाकरी खा. मळमळ कमी होते आणि औषध अंगी जास्त लागतं. ताक प्यायलीस तरी चालेल. सगळ्याच अँटिबायोटिकचं तसं नसतं बरं का. सिप्रोफ्लॉक्सासिन असेल, तर दूध-दही आणि लोहाची गोळी ती घेतल्यावर निदान 2 तासांनी. म्हणून मेडिकलवाल्याला दर वेळी विचारायचं. पोट जळतं म्हणून मनानं ॲसिडिटीचं औषध घेऊ नकोस, काहींनी तुझी ही गोळी नीट लागू होत नाही. आणि लघवी तपकिरी दिसली तर मला रात्री उठवू नकोस, तो औषधाचाच रंग.

आता माझा शहाणपणा ऐक. दुसऱ्या दिवशी जळजळ थांबली म्हणून मी गोळ्या बंद केल्या, उरलेल्या बिस्किटाच्या डब्यात ठेवल्या. महिन्याभरात पुन्हा तेच. डब्यातल्या दोन घेतल्या, फरक पडेना, तेव्हा डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, कल्चरची लघवी औषध सुरू व्हायच्या आधी द्यायची असते. आता जंतू नीट उगवलेच नाहीत, तर कोणतं औषध चालेल ते कळायचं कसं? मान खाली घालून बसले. तेव्हा सांगितलेत तितके दिवस घे. कमी नको, 'जरा जास्त बरं' म्हणून सहाव्या दिवशीही नको. एखादी चुकली तर आठवल्यावर घे. पुढच्या गोळीची वेळ झालीच असेल तर चुकलेली सोडून दे, दोन एकदम नकोत.

पाळी पुढे गेली असेल तर ते आजच डॉक्टरांना सांग. एरवी बिनधास्त सांगणारी तू, नेमकं हेच दडवशील. दोन दिवसांत उतार नाही तर डॉक्टरांना फोन कर. थंडी वाजून ताप, बरगडीखाली पाठीत दुखणं किंवा उलट्या असतील तर त्याच दिवशी जायचं. अंगावर पुरळ उठलं तर गोळी थांबवून डॉक्टरांना विचार. ओठ सुजले, धाप लागली तर मात्र विचारत बसायचं नाही, थेट सिव्हिल.

या गोळ्यांची किंमत कळावी म्हणून एक सांगते. भैय्या चौकातलं कोटणीसांचं स्मारक शाळेतून बघितलेलं आठवतं? डॉ. द्वारकानाथ कोटणीस चीनमध्ये ज्या रुग्णालयाचे प्रमुख झाले, ते त्यांच्याआधी तिथेच काम केलेल्या डॉ. बेथ्यून यांच्या नावाचं. शस्त्रक्रिया करताना बेथ्यूनचं बोट कापलं, विष रक्तात भिनलं आणि 1939च्या नोव्हेंबरात माणूस गेला. बोटाच्या जखमेनं! पेनिसिलिन तेव्हा रुग्णांपर्यंत पोचलंच नव्हतं. आणि आपण तशीच जंतू मारणारी औषधं बिस्किटाच्या डब्यात टाकतो.

अजून एक. तुझ्या जाऊबाई घसा धरला की म्हणतीलच, "तुझ्यातल्या दोन दे की." देऊ नकोस. ही गोळी लघवीतच काम करते, घशाला काडीचा उपयोग नाही. वाईट वाटलं तर वाटू दे.

बाटली भरून गल्ल्याजवळ ठेव. आणि मालकाकडे वरच्या मजल्यावरच्या संडासाची किल्ली माग. तुझ्यानं होत नसेल तर रविवारी मी येते, मी मागते.