हायड्रोपोनिक चारा : एक किलो मक्याचा सहा किलो चारा, पण वाढलं नेमकं काय?



उन्हाळा लागला की आपल्या वर्गातल्या मुलांच्या बोलण्यात एक विषय हमखास येतो, तो म्हणजे वैरण. कुणाच्या घरी कडबा संपलेला असतो, कुणाची म्हैस दुधाला कमी आलेली असते. २०१८-१९ च्या दुष्काळात मराठवाड्यात आणि अहमदनगर, सोलापूर भागात चारा छावण्या लागल्या होत्या. त्या भागातल्या मुलांना चाराटंचाई म्हणजे काय हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. अशा वेळी मोबाईलवर एक व्हिडिओ फिरत येतो : 'माती नको, शेत नको, एक किलो मक्यापासून सात-आठ दिवसांत सहा ते आठ किलो हिरवा चारा!' ही जाहिरात खरी की खोटी? गंमत अशी की वजनाचा आकडा बहुतेक वेळा खराच असतो. पण त्यातून काढलेला अर्थ चुकतो. हाच धागा धरून विज्ञान, गणित आणि परिसर अभ्यास एकत्र शिकवता येईल असा पाठ आज पाहू या. पाचवी ते आठवीच्या वर्गांना तो चांगला जमतो.

हायड्रोपोनिक म्हणजे काय?

ग्रीक भाषेत 'हायड्रो' म्हणजे पाणी आणि 'पोनोस' म्हणजे श्रम. मातीऐवजी पाण्याच्या आधारे वनस्पती वाढवण्याची ही पद्धत. १८६० च्या सुमारास जर्मन शास्त्रज्ञ सॅक्स आणि नॉप यांनी पाण्यात क्षार विरघळवून रोपे वाढवून दाखवली. पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठातील विल्यम गेरिक यांनी १९३७ मध्ये 'हायड्रोपोनिक्स' हा शब्द प्रचारात आणला.

इथे मुलांना एक फरक सांगा. टोमॅटो किंवा पालक असा वाढवताना पाण्यात खतांचे क्षार घालावे लागतात. चारा तयार करताना मात्र बहुतेक ठिकाणी साधं पाणीच वापरतात. का? कारण सात-आठ दिवसांचं कोवळं रोप बियाण्यात साठवलेल्या अन्नावरच जगतं. आईने प्रवासाला शिदोरी बांधून द्यावी तशी ही बियाण्यातली शिदोरी असते. हे वाक्य फळ्यावर लिहून ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आपल्याकडे मक्याचा चारा जास्त केला जातो. जुने गोवे येथील भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या संस्थेत मक्याच्या हायड्रोपोनिक चाऱ्यावर अभ्यास झालेला आहे. बार्ली, गहू, ओट यांचाही चारा करतात. ज्वारी मात्र टाळायची. ज्वारीच्या कोवळ्या पोंग्यांमध्ये विषारी घटक तयार होतो. ते खाऊन जनावर फुगतं, धापा टाकतं, दगावतंही. गावाकडे याला 'किराळ लागणं' म्हणतात. वर्गात विचारून बघा, एखाद्या मुलाच्या आजोबांना हे नक्की माहीत असेल.

वर्गातला प्रयोग

साहित्य : १०० ग्रॅम मका (दोन वेळा, म्हणजे एकूण २०० ग्रॅम), तळाला छिद्रे असलेला पसरट ट्रे किंवा जुनी चाळणी, बारदानाचा किंवा सुती कापडाचा तुकडा, पाणी शिंपडायची बाटली, स्वयंपाकघरातला वजनकाटा आणि वही.

मका खाण्याचा किंवा दाण्याचा घ्यावा. पेरणीसाठी दुकानात मिळणारं गुलाबी-लाल रंग लावलेलं बियाणं अजिबात घेऊ नका. त्याला बुरशीनाशक किंवा कीटकनाशक चोळलेलं असतं, ते जनावराच्या पोटात जाता कामा नये. तसंच घरचा फवारणी पंप पाणी मारायला आणू देऊ नका. त्यात आधी औषध भरलेलं असतं.

कृती :

१) १०० ग्रॅम मक्याची एक पुडी कोरडीच बाजूला ठेवा. ही आपली तुलनेची पुडी.

२) दुसरे १०० ग्रॅम दाणे पाण्यात टाका. तरंगणारे, फुटके, किडके दाणे काढून टाका आणि काढले तितक्या वजनाचे चांगले दाणे त्यात घाला. फुटका दाणा उगवत नाही, तो कुजतो आणि शेजारच्या दाण्यांनाही बुरशी लावतो.

३) दोन-तीन वेळा स्वच्छ धुऊन साधारण १२ तास भिजत ठेवा.

४) पाणी काढून ओल्या बारदानात बांधा. एक-दोन दिवसांत मोड दिसतील. मटकीला मोड आणतो तसंच, त्यामुळे मुलींना-मुलांना हे घरूनच माहीत असतं.

५) मोड आलेले दाणे ट्रेमध्ये एक ते दीड सेंटिमीटर जाडीचा थर होईल असे पसरा. जास्त जाड थर केला तर खाली उष्णता साठते आणि दाणे कुजतात.

६) सावलीत ठेवा, पण अंधारात नको. दर दोन-तीन तासांनी पाणी शिंपडा. पाणी खाली निथळलं पाहिजे, साचता कामा नये. रात्रीसाठी पहिले दोन-तीन दिवस वर ओलं कापड घाला.

७) सात-आठ दिवसांत २० ते २५ सेंटिमीटर उंचीचे कोंब येतात आणि खाली मुळांची चटई तयार होते. दाणा, मूळ आणि पाला असं सगळंच जनावराला खायला देतात.

रविवारचा प्रश्न आधीच सोडवून ठेवा. शाळेजवळ राहणाऱ्या दोन मुलांकडे पाणी मारायची पाळी द्या. एक दिवस पाणी चुकलं की प्रयोग वाळतो.

रोज वजन करायचं आणि वहीत तक्ता भरायचा : दिवस, वजन, उंची, वास, बुरशी आहे का. मुलांना पहिल्याच आठवड्यात मजा वाटते, कारण १०० ग्रॅमचे ४००, ५००, कधी ६०० ग्रॅम होतात. 'सर, सहापट झालं!' असा आरडाओरडा होतो. होऊ द्या.

खरा पाठ इथून सुरू होतो

आता ती हिरवी चटई सुटी करा, पातळ पसरा आणि कडक उन्हात वाळवा. शेजारी आपली कोरडी पुडीही उन्हात उघडी ठेवा. दोन्हींचं वजन रोज घ्या. लागोपाठ दोन दिवस वजन तेच आलं की थांबा. वाळवण्याआधी मुलांना वहीत अंदाज लिहायला सांगा : वाळल्यावर किती भरेल? बहुतेक मुलं ३००-४०० ग्रॅम लिहितील.

प्रत्यक्षात वाळलेला चारा मूळ मक्यापेक्षाही कमी भरतो. साधारण ८० ते ९० ग्रॅम. वर्ग एकदम शांत होतो. मग विचारा, 'वाढलेलं वजन कशाचं होतं? आणि उरलेले दहा-वीस ग्रॅम गेले कुठे?'

पहिल्याचं उत्तर मुलंच देतात : पाणी. दुसऱ्यासाठी शिदोरीचं वाक्य पुन्हा वाचायला लावा. रोपाने बियाण्यातला पिष्टमय पदार्थ वापरून श्वसन केलं. त्यातला कार्बन, कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत गेला. थोडे विरघळणारे पदार्थ धुण्याच्या पाण्यातून गेले. पानं हिरवी झाली होती हे खरं, पण सात-आठ दिवसांत प्रकाशसंश्लेषणाने ही तूट भरून निघत नाही. वनस्पतीही श्वसन करतात, हे आपण पाठ करून घेतो. इथे मुलांना ते वजनकाट्यावर दिसतं.

गणिताचा तास

आता हेच शेतकऱ्याच्या गोठ्यात नेऊ. आकडे मुलांनी घरी विचारून आणावेत. उदाहरण म्हणून मका २४ रुपये किलो धरू.

१ किलो मक्यात साधारण ८८० ग्रॅम कोरडा भाग असतो, बाकीचा ओलावा. त्याचा ६ किलो चारा झाला आणि त्यात १३ टक्के कोरडा भाग धरला, तर कोरडा भाग झाला ७८० ग्रॅम.

ओल्या वजनावर हिशोब : २४ ÷ ६ = ४ रुपये किलो. किती स्वस्त!

कोरड्या भागावर हिशोब : २४ ÷ ०.७८ = सुमारे ३१ रुपये किलो. मका तसाच भरडून घातला असता तर २४ ÷ ०.८८ = सुमारे २७ रुपये.

यात मजुरी, वीज, ट्रे अजून धरलेच नाहीत.

पुढचं उदाहरण : ४०० किलो वजनाच्या गाईला रोज वजनाच्या अडीच ते तीन टक्के, म्हणजे १० ते १२ किलो कोरडा चारा लागतो. फक्त हायड्रोपोनिक चाऱ्यावर १० किलो कोरडा भाग द्यायचा तर १० ÷ ०.१३ = सुमारे ७७ किलो ओला चारा रोज! त्यासाठी जवळजवळ १३ किलो मका, म्हणजे दिवसाला ३०० रुपयांच्या वर. शिवाय गाय रवंथ करणारी. तिला लांब धाग्याचा कोरडा चारा लागतोच, नाहीतर पचन बिघडतं आणि दुधाची फॅट उतरते.

'प्रथिने वाढतात' याचा अर्थ

जाहिरातीत असतं की या चाऱ्यात मक्यापेक्षा प्रथिनांची टक्केवारी जास्त. हेही खरं असतं. पण मुलांना असं विचारा : वर्गात ४० मुलं, त्यात १० मुली, म्हणजे २५ टक्के. ८ मुलगे घरी गेले. आता ३२ मध्ये १० मुली, म्हणजे ३१ टक्के. मुली वाढल्या का? नाही. तसंच पिष्टमय पदार्थ जळाला म्हणून प्रथिनांची टक्केवारी चढली. शेकडेवारीचा यापेक्षा चांगला धडा मला तरी माहीत नाही.

मग हा चारा करायचाच नाही का?

तसं नाही, बरं का. त्याचे फायदे खरे आहेत. हिरवेपणामुळे कॅरोटीन मिळतं, त्यापासून जनावराच्या शरीरात अ जीवनसत्त्व तयार होतं. दोन-तीन महिने नुसत्या कडब्यावर असलेल्या जनावराला याची गरज असते. चारा लुसलुशीत असल्याने जनावर आवडीने खातं, पचायलाही हलका. जमीन नसलेल्या, दोन शेळ्या पाळणाऱ्या कुटुंबाला बांबू आणि शेडनेटच्या छोट्या मांडणीत तो करता येतो. म्हणून दुभत्या जनावराला रोज ५ ते १० किलो, कडबा-कुट्टीच्या जोडीला पूरक म्हणून दिला तर ठीक. संपूर्ण आहार म्हणून नाही.

पाणी वाचतं का? गोठ्याजवळ पाणी फार थोडं लागतं, हे खरं. पण मका कुणाच्या तरी शेतात पाणी पिऊनच तयार झालेला असतो. ते पाणी हिशोबात धरायचं की नाही, यावर आठवीच्या वर्गात छान चर्चा होते.

पालकांसाठी

महागडं चारा यंत्र घेण्याआधी विक्रेत्याला हे विचारा :

- तुमच्या चाऱ्यात कोरडा भाग किती टक्के?
- माझ्या गावच्या मक्याच्या भावाने कोरड्या किलोला किती खर्च येतो?
- मे महिन्यात ४० अंशांच्या वर तापमान गेलं आणि वीज गेली तर काय?
- बुरशी लागली तर ती वाया गेलेली बॅच कुणाच्या खात्यावर?

बुरशी लागलेला, आंबूस किंवा कुबट वास येणारा चारा जनावराला घालू नका. तो सरळ खतखड्ड्यात टाका. 'एवढा खर्च केलाय, थोडा तरी घालू' हा मोह जनावराच्या जिवावर बेततो.

आणि तेवढ्याच पैशांत दुसरं काय होतं, तेही तपासा. पावसाळ्यात जास्तीचा हिरवा मका कापून, कुट्टी करून, हवा न शिरेल असा दाबून मुरघास केला तर तो उन्हाळ्यापर्यंत टिकतो. बांधावर संकरित नेपियरची ठोंबं लावता येतात. कडब्याची कुट्टी केली तर बरीच नासाडी वाचते. पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांना वर्गात बोलवून हा प्रश्न त्यांच्यासमोर मुलांनाच मांडू द्या.

मुलांना विचारायचे प्रश्न

१) ओलं वजन सहापट होऊनही कोरडं वजन कमी का झालं?
२) तुलनेची कोरडी पुडी कशासाठी ठेवली?
३) ट्रे पूर्ण अंधारात ठेवला असता तर काय फरक दिसला असता? करून पाहा.
४) तुमच्या घरी जनावरांना रोज काय काय घालतात? त्यातला कोरडा भाग अंदाजे किती?
५) ६ रुपये किलोची भाजी वाळवल्यावर किती उरते? मेथीवर हाच प्रयोग करा.

गृहपाठ : प्रत्येक मुलाने घरातल्या मोठ्या माणसाला हा तक्ता समजावून सांगायचा आणि त्यांनी विचारलेला एक प्रश्न वहीत लिहून आणायचा. ते प्रश्न पुढच्या तासाला फळ्यावर घ्या. वर्षानुवर्षं गोठा सांभाळणाऱ्या माणसांचे असतात, त्यामुळे पुस्तकातल्या प्रश्नांपेक्षा कठीण निघतात.