कंपनी बदलली, जाळे तेच राहिले का?

शेततळ्यात किंवा गावतलावात मत्स्यपालन करणारे शेतकरी बियाणे व औषधे घेताना पिशवीवरील लेबल वाचतात. जाळे मात्र नावावर घेतले जाते. ते नाव आज कोणाच्या मालकीचे आहे, सूत कोठे तयार होते व जाळे कोठे विणले जाते, याची चौकशी सहसा होत नाही.

प्रथम एक खुलासा. नाव बदलणे व मालक बदलणे या वेगळ्या बाबी आहेत. पुण्याच्या गरवारे वॉल रोप्स या कंपनीने 2018 मध्ये गरवारे टेक्निकल फायबर्स असे नाव घेतले, ते विलीनीकरण नव्हते. उलट पंजाब ट्रॅक्टर्स ही कंपनी 2007 मध्ये महिंद्राकडे गेली, तरी स्वराज हे नाव बोनेटवर कायम राहिले. ग्राहकाची फसगत होण्याचा संभव असतो तो या दुसऱ्या प्रकारात.

जाळ्यांच्या धंद्यातील ठळक उदाहरण आइसलँडचे आहे. तेथील हाम्पिद्यान ही कंपनी 1934 साली स्थापन झाली. तिच्या नावात हेम्प, म्हणजे भांगेच्या झाडाचा वाख, आहे. आता अर्थातच सर्व काम कृत्रिम धाग्यांवर चालते. या कंपनीने 2016 मध्ये फॅरो बेटांवरील वोनिन व 2023 मध्ये नॉर्वेची मोरेनोट या कंपन्या घेतल्या. दोर व जाळे विणण्याचे बरेचसे काम तिने पूर्वीच लिथुआनियातील कारखान्यात नेले होते. 2024 मध्ये आपल्या मराठवाड्यातील कोहिनूर रोप्स या कंपनीचा मोठा हिस्सा घेण्याचा करार तिने जाहीर केला. म्हणजे हा विषय आता आपल्या दारात आला आहे.

विलीनीकरणाने माल बिघडतोच असे नाही. मोठ्या कंपनीची प्रयोगशाळा व यंत्रे लहान कारखान्यास मिळाली तर माल सुधारतोही. परंतु बदल कोठे होतात हे लक्षात ठेवावे. कच्च्या मालाची खरेदी एकत्र होते, त्यामुळे दाण्याची प्रत किंवा उन्हापासून संरक्षण देणाऱ्या द्रव्याचे प्रमाण बदलू शकते. उत्पादन दुसऱ्या कारखान्यात गेल्यास गाठीचा ताण बदलतो. शिवाय कमी खपाचे आस व जाडी बंद केली जाते. लहान तलाववाल्यांची अडचण इथेच होते, कारण त्यांची मागणी थोडी.

तीन वर्षांपूर्वी प्रक्षेत्रावरील तळ्यासाठी आम्ही नेहमीच्याच नावाचे ओढजाळे आणले. लेबलाचा रंगही तोच होता. उत्पादकाचा पत्ता तेवढा निराळा होता आणि तो आम्ही नंतर वाचला. पहिल्याच ओढीत गाठी सरकल्या, आस विस्फारले व विक्रीजोगे कटला निघून गेले. व्यापारी टेम्पो घेऊन बांधावर उभा होता. विक्रेत्याकडे तक्रार केली, तेव्हा त्याने विचारले, "पूर्वीचे जाळे कसे होते ते दाखवा." आमच्याजवळ तुकडासुद्धा नव्हता.

म्हणून चांगले निघालेले जाळे फाटून बाद झाले तरी त्याचा हातभर तुकडा बिलासह जपून ठेवावा. तो सावलीत ठेवावा, कारण नायलॉन उन्हाने कमजोर होते.

नवीन जाळे घेताना सुताचा आकडा पाहावा. 210/2/3 याचा अर्थ 210 डेनियरचे दोन धागे मिळून एक पदर व असे तीन पदर. एकूण 1260 डेनियर. डेनियर म्हणजे 9000 मीटर धाग्याचे ग्रॅममधील वजन. या हिशेबाने अशा 100 मीटर सुताचे वजन 14 ग्रॅम भरते, पिळामुळे किंचित जास्तच. त्याच सुताच्या रिळातून 10 मीटर मोजून सोनाराच्या काट्यावर ठेवावे. 1.4 ग्रॅमपेक्षा स्पष्टपणे कमी भरल्यास सूत लेबलापेक्षा बारीक आहे असे समजावे.

सूत नायलॉनचे आहे की पॉलिथिलीनचे याविषयी शंका असल्यास तुकडा पाण्यात चुरगाळून हवा काढावी. नायलॉन बुडते, पॉलिथिलीन तरंगते.

यानंतर गाठ. जाळ्याचा भाग तासभर पाण्यात भिजवावा. ओळीने दहा आस ताणून, समोरासमोरील गाठींमधील अंतर पट्टीने मोजावे व दहाने भागावे. मग तेच आस आडवे-उभे जोराने ओढून पुन्हा मोजावे. आकडा बदलला किंवा गाठ सरकलेली दिसली तर ते जाळे घेऊ नये. कोरड्या जाळ्यावर ही चाचणी करू नये. नायलॉनची ताकद ओले झाल्यावर कमी होते आणि काम तर पाण्यातच करावयाचे असते. दुकानदार सहसा भिजवू देत नाहीत. अशा वेळी एक किलो माल आधी घेऊन घरी तपासावा, व उरलेला माल त्याच गठ्ठ्यातून घ्यावा.