आधी ऐकून घेऊ या : कॅन्सर आलेल्या घराचं मन



आपल्या ग्रुपवर अधूनमधून असे निरोप येतात. "आईची बायोप्सी आहे, सगळ्यांनी नामस्मरण करा." "भाऊंची तिसरी किमो आहे, प्रार्थना असू द्या." आपण लगेच हात जोडतो, संध्याकाळी त्यांच्या नावाने जप करतो. ते करायचंच. पण त्या घरातल्या माणसांच्या मनात काय चाललंय आणि आपण त्यांच्याशी कसं वागायचं, हाही अभ्यासाचा विषय आहे. आजचा पाठ त्यावरच.

*आधार : अर्जुनाचा विषाद*

गीतेचा पहिला अध्याय आपण पुष्कळदा भरभर वाचून पुढे जातो. आज तिथेच थांबू. अर्जुनाचं तोंड कोरडं पडलंय, अंग थरथरतंय, हातातून धनुष्य निसटतंय, उभं राहवत नाही. मोठा धक्का बसलेल्या माणसाचं शरीर असंच होतं. बायोप्सीचा रिपोर्ट हातात घेऊन दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या माणसाला ही अवस्था समजावून सांगावी लागत नाही.

आता भगवंत काय करतात ते पाहा. पहिल्या अध्यायात ते जवळजवळ बोलतच नाहीत. रथ मधोमध आणून उभा करतात आणि समोरचे कौरव बघ, एवढंच म्हणतात. दुसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीला दोन श्लोकांत ते त्याला दुर्बळपणा सोडून उठायला सांगतात. तेवढ्याने अर्जुन उठला का? नाही. त्याचं बोलायचं राहिलं होतं. तो पुन्हा बोलला, मला काही सुचत नाही म्हणाला, शरण आला आणि गप्प बसला. खरा उपदेश सुरू होतो तो त्यानंतर, अकराव्या श्लोकापासून.

यातून दोन गोष्टी घ्यायच्या. एक, ज्या अध्यायात अर्जुन कोसळतो त्याच्या नावातही 'योग' आहे. म्हणजे दुःखाने खचणं ही साधनेतली हार नव्हे. दोन, समोरच्याचं बोलून झाल्याशिवाय आपला उपदेश त्याच्यापर्यंत पोचत नाही.

*१. पेशंटचं मन*

आपल्याकडे घरोघर पहिला निर्णय एकच होतो, "त्यांना सांगायचं नाही." समजा, एका घरात सासूबाईंना "साधी गाठ आहे" असं सांगितलं. पण त्यांना ज्या विभागात नेतात तिथली पाटी त्या वाचतात. शेजारच्या बाईच्या डोक्यावरचे केस गेलेले त्यांना दिसतात. त्यांना सगळं कळतं. पण मुलाला वाईट वाटेल म्हणून त्या बोलत नाहीत, आणि आईला धक्का बसेल म्हणून मुलगा बोलत नाही. आई रात्री उशीत तोंड खुपसून रडते, मुलगा बाथरूमचा नळ सोडून रडतो. दोघं एकाच घरात, आणि दोघंही एकटे.

सगळं एका दमात सांगून टाकावं, असं यात म्हणायचं नाही. आधी विचारायचं, "आई, डॉक्टर काय म्हणाले ते तुला सगळं ऐकायचंय, की आम्ही बघू?" काहींना रिपोर्टचा शब्द न् शब्द हवा असतो. काही म्हणतात, "तुम्हीच काय ते बघा, मला नको सांगू." दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. मात्र निवड त्यांची असावी. आणि त्या उद्या विचारतील तर उद्या खोटं बोलू नये.

*२. सांभाळणाऱ्याचं मन*

आजारी माणसाची चौकशी सगळे करतात. फाईल सांभाळणारी, डबा करणारी, बिलं भरणारी, वॉर्डात सतरंजीवर झोपणारी सून किंवा पत्नी कशी आहे, हे कोणी विचारत नाही. इंदूर, ग्वाल्हेर, बेळगावहून मुंबईला परळच्या टाटा मेमोरियलला जाणाऱ्या घरांत तर यात परक्या शहराची भर पडते. खोलीचं भाडं, जेवण, गावाकडे ठेवलेली मुलं, थांबलेली दुकानदारी.

अशा माणसाच्या मनात राग येतो, कंटाळा येतो. कधी तर "हे एकदाचं संपू दे" असाही विचार येतो. मग त्या विचाराचीच लाज वाटते आणि ती व्यक्ती आणखी गप्प होते. वहिनी, ताई, दादा, हे पाप नाही. थकलेल्या मनात असे विचार येतात. ज्याच्यावर विश्वास आहे त्याच्याजवळ ते बोलून टाकावेत.

*३. मुलांचं मन*

घरात कुजबुज चालली की मुलं आपल्या कल्पनेने गोष्ट पूर्ण करतात. "मी बाबांशी भांडलो म्हणून त्यांना झालं," असंही एखादं मूल धरून बसतं. लहान मुलाला तीन गोष्टी स्पष्ट सांगाव्यात. हे तुझ्यामुळे झालेलं नाही. जवळ बसल्याने, मिठी मारल्याने हा आजार लागत नाही. आणि आई दवाखान्यात असेल तेव्हा तुला शाळेत कोण सोडेल, जेवायला कोण वाढेल. शाळेतल्या बाईंनाही कल्पना द्यावी.

*आपल्या तोंडून काय जाऊ नये*

हे जरा कडक लिहितो आहे, कारण ही वाक्यं सत्संगाच्या घरांतच जास्त ऐकू येतात.

▪ "प्रारब्ध आहे, भोगूनच संपवायचं." स्वतःच्या दुःखाबद्दल कोणी असं म्हणालं तर त्याला त्यातून बळ मिळेल. दुसऱ्याच्या दुःखाबद्दल आपण म्हटलं की तो ठपका होतो.

▪ "साधना कमी पडली असेल." कॅन्सरमध्ये पेशींच्या वाढीवरचा ताबा सुटतो. त्यामागे तंबाखू, काही विषाणू, वाढतं वय, घराण्यातून आलेले जनुकातले बदल अशी कारणं असतात. पुष्कळदा एका माणसापुरतं नेमकं कारण सांगताच येत नाही. यात जपाच्या माळा मोजू नयेत.

▪ "फक्त पॉझिटिव्ह राहा." म्हणजे रडायचीही चोरी.

▪ "आमच्या मामांना हेच होतं, सहा महिन्यांत गेले."

▪ "किमो नको, हा काढा द्या, फॉरवर्ड पाठवतो." कोणताही काढा, पथ्य, उपास डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. काही वनौषधी किमोच्या औषधांच्या आड येतात. चालू उपचार कोणाच्या सांगण्यावरून थांबवू नयेत.

*मग काय करावं?*

भेटायला जाण्याआधी फोन करून विचारा. किमोनंतर शरीराची प्रतिकारशक्ती कमी झालेली असते, त्यामुळे सर्दी-ताप असेल तर जाऊच नका. गेलात तर थोडा वेळ बसा आणि "आज कसं वाटतंय?" एवढं विचारून थांबा. उत्तरात आजार येईल, क्रिकेट येईल, रडू येईल. जे येईल ते येऊ द्या. शांतता झाली तर ती भरून काढायची घाई नको.

"काही लागलं तर सांगा" असं म्हटलं की सहसा कोणी काही सांगत नाही. नेमकं बोला. "मंगळवारचा डबा आमच्याकडून." "गुरुवारी दुपारी दोन ते पाच मी काकांजवळ बसते, तुम्ही झोपा." "रेल्वेच्या सवलतीचा फॉर्म मी आणतो." उपचारासाठी प्रवास करणाऱ्या कॅन्सरच्या पेशंटला आणि सोबतच्या एका माणसाला रेल्वेभाड्यात सवलत असते. त्यासाठी दवाखान्याचा ठराविक नमुन्यातला दाखला लागतो. मोठ्या दवाखान्यांत समाजसेवा विभाग असतो. पैशाची मदत, राहण्याची सोय, समुपदेशन यासाठी पहिली चौकशी तिथे करावी.

*मनासाठी डॉक्टर कधी?*

न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग दवाखान्यात डॉ. जिमी हॉलंड यांनी १९७७ पासून कॅन्सरच्या पेशंटांच्या मनाकडे लक्ष देणारं काम उभं केलं. आज ती वैद्यकाची एक वेगळी शाखा आहे. या शाखेत एक साधी मोजपट्टी वापरतात, तापमापकासारखी. मागच्या आठवड्यात, आजचा दिवस धरून, मनावर किती ताण होता? शून्य म्हणजे मुळीच नाही, दहा म्हणजे सोसवेना इतका. आकडा ४ किंवा त्याहून वर असेल तर आपल्या डॉक्टरांना सांगून पुढची मदत घ्यायची. पट्टी पेशंटसाठी आहे, पण सांभाळणाऱ्यानेही स्वतःला हा प्रश्न विचारायला हरकत नाही.

याशिवाय दोन आठवडे सलग झोप नाही, जेवणावर वासना नाही, कशात मन लागत नाही, छाती धडधडते, दारू वाढली आहे, असं असेल तर थांबू नका. 'टेली-मानस' ही सरकारी हेल्पलाईन २०२२ पासून चालू आहे. नंबर *१४४१६*. फोन मोफत, दिवसरात्र, आणि मराठीतही बोलता येतं. कोणी "जगून काय करू" असं बोलत असेल तर ते मनावर घ्या. त्यांना एकटं सोडू नका, लगेच हा नंबर लावा किंवा जवळच्या दवाखान्यात न्या.

काही जण विचारतात, "गुरुकृपा असताना मनाच्या गोळ्या कशाला?" रक्तदाबाची गोळी घेताना आपण हा प्रश्न विचारतो का? जप मनाला आधार देतो, औषध आजारावर काम करतं. दोन्ही एकाच घरात सुखाने राहतात.

*तेराव्यानंतर*

सगळ्यांचंच बरं होतं असं नाही. आजार आटोक्यात येणार नाही असं डॉक्टर सांगतात, तेव्हाही वेदना कमी करणारी सेवा देता येते. शांती अवेदना सदन हे त्यासाठीचं देशातलं पहिलं ठिकाण १९८६ मध्ये मुंबईत वांद्र्याला सुरू झालं. गोव्यातही त्याची शाखा आहे. तिथे नेणं म्हणजे टाकून देणं नव्हे.

आणि माणूस गेल्यावर तेरा दिवस घर भरलेलं असतं. चौदाव्या दिवशी कोणी नसतं. गोळ्यांच्या वेळा लक्षात ठेवायची सवय झालेल्या बाईला रात्री दोनला जाग येते आणि करायला काही नसतं. आपली खरी गरज तेव्हा असते. महिन्याने, तीन महिन्यांनी, पहिल्या दिवाळीला फोन करा. गेलेल्या माणसाचं नाव घेऊन बोला. नाव टाळल्याने दुःख कमी होत नाही.

*या आठवड्याची सेवा*

आपल्या ओळखीतलं असं एक घर आठवा. पेशंटला नको, सांभाळणाऱ्याला फोन करा. विचारा, "तुम्ही कशा आहात?" आणि पुढची दहा मिनिटं फक्त ऐका. सल्ला नाही, उपाय नाही, दृष्टांत नाही.

*चिंतनासाठी* : आपल्या घरात कोणाचं बोलायचं राहून गेलं आहे? उत्तर ग्रुपवर लिहायची गरज नाही. त्या माणसाजवळ जाऊन बसा.

सर्वांना सप्रेम जय गुरुदेव 🙏