पावसाळा आणि इंजिनाचे राखीव सुटे भाग

ठाण्याची वागळे इस्टेट ही १९६२ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या आरंभीच्या वसाहतींपैकी एक. तेथील गाळ्यांतून, कल्याण-भिवंडीच्या गॅरेजांतून, तसेच उत्तनच्या मच्छीमारांच्या घरांतूनही डिझेल इंजिनाचे सुटे भाग राखून ठेवलेले असतात. ऐन वेळी ते हाताशी असावेत, एवढाच या गुंतवणुकीचा हेतू. मासेमारीबंदी ३१ जुलैला संपते. नौका लोटण्याच्या दिवशी पेटीतला नवा नॉझल गंजलेला निघाला, तर हंगामाचे पहिले मोलाचे दिवस किनाऱ्यावरच जातात.

लोखंड गंजण्यास पाणी आणि प्राणवायू दोन्ही लागतात. हे पाणी डोळ्यांना दिसतेच असे नाही. हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ६० टक्क्यांवर गेली की पोलादावर ओलीचा अतिशय पातळ थर धरतो व गंजण्याचा वेग झपाट्याने वाढतो. ठाणे-कल्याणात पावसाळ्यात ती बहुधा ८० टक्क्यांच्याही वर असते. खाडीकाठी हवेतील क्षार आणि रासायनिक कारखान्यांजवळ आम्लयुक्त वाफा यांची त्यात भर पडते.

तथापि पुष्कळदा भाग फळीवर जाण्यापूर्वीच गंजाची सुरुवात झालेली असते. घामेजल्या बोटांच्या ठशात मीठ असते. गुळगुळीत बेअरिंगवर किंवा इंधन-पंपाच्या प्लंजरवर नेमका त्या ठशाच्याच आकाराचा डाग उमटतो. यासाठी भाग स्वच्छ डिझेलने धुवावा, पूर्ण कोरडा करावा आणि मगच, हातमोजे घालून, त्यावर गंजरोधक तेल लावावे. ओलसर भागावर तेल चोपडल्यास ओल आतच कोंडते. इंजिनातून काढलेले काळे तेल फुकट मिळते म्हणून कित्येक जण तेच लावतात. परंतु ज्वलनातून उत्पन्न झालेली आम्ले त्यात असल्याने ही काटकसर अंगाशी येते.

वेष्टनासाठी वर्तमानपत्र किंवा गोणपाट वापरू नये. दोन्ही ओल धरून ठेवतात. मेणकागद चांगला. त्याहून चांगला तो गंजरोधक कागद, ज्यातून सुटणारी वाफ बंद पिशवीत पसरून धातूला संरक्षण देते. बेअरिंग व नॉझल यांचे मूळ वेष्टन तर बसविण्याच्या वेळेपर्यंत फोडूच नये. डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवावी. निळ्या जातीचे खडे गुलाबी झाले की ते ओलीने भरले असे समजून तापवून वाळवावेत. डब्याचे झाकण घट्ट नसेल, तर मात्र ही पुडी बाहेरचीच ओल शोषीत बसते.

फरशी आणि भिंत यांपासून मांडणी दूर असावी. क्रँकशाफ्ट शक्यतो उभा, आधार देऊन ठेवावा, म्हणजे तो वाकण्याची भीती राहत नाही. प्रत्येक भागाला तेल लावल्याची तारीख लिहिलेली चिठ्ठी बांधावी, जुना भाग आधी वापरावा आणि मृगाची पहिली सर येण्यापूर्वी उरलेल्यांचे तेल ताजे करून घ्यावे.