वर्ल्डकप बघावा तर रुस्टेनबर्गला

२०१० च्या, दक्षिण आफ्रिकेतल्या फुटबॉल वर्ल्डकपला निघालेल्या बहुतेकांनी जोहान्सबर्ग, डर्बन नाहीतर केपटाऊन गाठलं. आम्ही कोल्हापूरचे, पेठेतल्या तालमीच्या टीमसाठी घसा बसेपर्यंत ओरडून मोठे झालेले. आम्ही मुक्काम टाकला रुस्टेनबर्गला आणि त्याला लागून असलेल्या फोकेंगला. जोहान्सबर्गपासून दोन-अडीच तासांवर, मागलिसबर्गच्या डोंगरांजवळ, प्लॅटिनमच्या खाणींचा हा मुलूख. इथल्या रॉयल बाफोकेंग स्टेडियमवर सहा सामने झाले. तिथे जे शिकलो, ते पुढच्या कुठल्याही स्पर्धेला जाणाऱ्याच्या कामी येईल म्हणून लिहितो.

१. आधी नमस्कार, मग काम.

आमच्या घरमालकीणबाईंनी पहिल्याच सकाळी हे सांगितलं. रस्ता विचारायचा असो, पाणी घ्यायचं असो, समोरच्याला आधी ‘दुमेला’ म्हणायचं. बाई असेल तर पुढे ‘मा’, पुरुष असेल तर ‘रा’. मग ख्यालीखुशाली विचारायची, उत्तर पूर्ण ऐकायचं आणि त्यानंतर आपलं काम काढायचं. एवढं पाळलं की पोलिसापासून पेट्रोलपंपावरच्या पोरापर्यंत सगळे हातातलं काम सोडून मदतीला येतात. परदेशी पाहुणे थेट ‘स्टेडियम कुठे?’ म्हणून भिडायचे, तेव्हा लोकांचे चेहरे बंद होताना मी पाहिलेत.

२. दिवसा टॅक्सीने फिरा.

टॅक्सी म्हणजे आपल्याकडच्या वडापसारखी मिनीबस. भरली की सुटते, हात केला की थांबते. मागच्या सीटवरून पैसे हातोहात पुढे सरकतात, ड्रायव्हरशेजारी बसलेला माणूस हिशेब करतो आणि सुट्टे त्याच वाटेने मागे येतात. एकदा ती जागा माझ्या वाट्याला आली. रँडची नाणी ओंजळीत, मागून सेत्स्वाना भाषेतून सूचना, आणि ड्रायव्हर निवांत गाणं ऐकतोय. मागच्या आजींनी बोटांवर मोजून दाखवत मला पार पाडलं. रात्री मात्र या गाड्या मिळत नाहीत, म्हणून सामन्यानंतर परतायची सोय आधीच बघून ठेवावी.

३. स्वेटर न्या. जाड न्या.

जूनमध्ये तिथे हिवाळा. दुपारी लख्ख ऊन असतं आणि सामना साडेआठला सुरू होईपर्यंत हाडं गोठतात. स्थानिक लोक घोंगड्यासारखी ब्लँकेटं गुंडाळूनच येत. व्हुव्हुझेला या भोंग्यांच्या आवाजासाठी कानात बोळे हवेतच.

४. ज्या सामन्याचं तिकीट कुणी मागत नाही, तो बघा.

इंग्लंड-अमेरिका सामन्याला जग लोटलं होतं. इंग्लंडचा तळच फोकेंगच्या क्रीडासंकुलात होता. पण माझ्या मनात राहिला तो न्यूझीलंड-स्लोव्हाकिया. दुपारचा सामना, पुष्कळ खुर्च्या रिकाम्या. ९० मिनिटं झाली, स्लोव्हाकिया एका गोलने पुढे, लोक उठायला लागले. भरपाई वेळेत विन्स्टन रीडने हेडर मारला आणि न्यूझीलंडला वर्ल्डकपच्या इतिहासातला पहिला गुण मिळाला. माझ्या पुढच्या रांगेतला दाढीवाला आडदांड माणूस खाली बसून हुंदके देत होता.

५. मैदान कुणाचं, हे विचारा.

मला विचाराल तर सगळ्यात मोलाची गोष्ट हीच. हे स्टेडियम बाफोकेंग समाजाच्या मालकीचं आहे, आणि ते त्यांचं कसं झालं याची मुळं एकोणिसाव्या शतकात आहेत. तेव्हा ट्रान्सवालच्या बोअर राजवटीत काळ्या माणसाला स्वतःच्या नावावर जमीन करता येत नव्हती. बाफोकेंगांचा राजा मोखात्ले याने तरुणांना किंबर्लीच्या हिऱ्यांच्या खाणींवर धाडलं, त्यांच्या कमाईतला वाटा गोळा केला आणि आपल्याच पूर्वजांची जमीन विकत घेतली. कागदावर नाव लागलं जर्मन मिशनऱ्यांचं, पैसा आणि घाम बाफोकेंगांचा. १९२० च्या दशकात या भागात प्लॅटिनम सापडलं. मग खाणकंपन्या आल्या, रॉयल्टीवरून वर्षानुवर्षं भांडणं झाली, एका राजाला बोत्स्वानात परागंदा व्हावं लागलं आणि १९९९ साली कंपनीशी तडजोड झाली. घरमालकीणबाईंच्या आजोबांनी हे त्यांना सांगितलेलं, आणि त्या आम्हाला सांगत होत्या, चुलीवर पाप घोटता घोटता. पाप म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा. हाताने तोडायचा आणि मोरोगोच्या पालेभाजीत बुडवून खायचा. ‘रा, ही जमीन आम्हाला कुणी दिली नाही, आम्ही घेतली,’ असं त्या म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी स्टेडियमच्या पायऱ्या चढताना मला त्या सिमेंटचा रंगही वेगळा दिसला.

पण या संपत्तीची दुसरी बाजूही बघून या. खाणीत ड्रिल धरणारे कितीतरी लोक ईस्टर्न केपचे, लेसोथोचे, मोझांबिकचे. ते पत्र्याच्या झोपड्यांत राहतात, नळ नाही, वीज नाही. वर्ल्डकपनंतर दोनच वर्षांनी, १६ ऑगस्ट २०१२ ला, जवळच्याच मारिकानामध्ये पगारवाढीसाठी संपावर गेलेल्या ३४ खाणकामगारांना पोलिसांनी गोळ्या घातल्या. तिथलं जगणं ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, त्यांना त्या संपाचं कारण कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

६. टोपी विकत घ्या, पण कशाची ते बघून.

मकरापा म्हणजे खाणकामगाराचं हेल्मेट. ते कापायचं, कापलेल्या पट्ट्या वर वाकवायच्या, त्यावर खेळाडू, शिंगं, झेंडे रंगवायचे. १९७९ च्या सुमारास अल्फ्रेड बालोयी या चाहत्याने मैदानात भिरकावल्या जाणाऱ्या बाटल्यांपासून डोकं वाचवायला हेल्मेट घातलं आणि पुढे ते नटवलं. रुस्टेनबर्गमध्ये ज्या डोक्यावर दिवसा खरं हेल्मेट असतं, त्याच डोक्यावर संध्याकाळी मकरापा चढतो. कारखान्यातून आलेला घेऊ नका, हाताने कापलेला घ्या.

७. स्टेडियमच्या आत जेवू नका.

स्पर्धेच्या नियमांमुळे मैदानाभोवतीच्या पट्ट्यात फेरीवाल्यांना बंदी होती. एरवी क्लबच्या सामन्यांना गेटवरच मग्विन्या तळणाऱ्या बायका लांब हटवल्या होत्या. दहा-पंधरा मिनिटं चाललं की त्या सापडत. गरम तळलेला गोळा, आत कैरीचं झणझणीत लोणचं. आपल्या अंगणात पाहुणे आले आणि आपल्यालाच बाहेर काढलं, हा राग त्यांच्या बोलण्यात होता आणि तो रास्त होता.

८. आपला संघ हरला की शेजाऱ्याचा धरा.

यजमान दक्षिण आफ्रिका साखळीतच बाद झाली. २६ जूनला रुस्टेनबर्गला घाना-अमेरिका सामना झाला, तेव्हा अख्खं गाव घानाचं झालं होतं. घानाच्या बोआटेंगचा पाचव्या मिनिटाचा गोल, अमेरिकेच्या डोनोव्हनची पेनल्टी आणि जादा वेळेत घानाच्या असामोआ ग्यानने छातीवर घेऊन हाणलेला चेंडू. दोनच वर्षांपूर्वी, मे २००८ मध्ये, याच देशात बाहेरून आलेल्या आफ्रिकी लोकांवर हल्ले होऊन साठहून जास्त माणसं मेली होती. वर्ल्डकप संपला की पुन्हा तेच होणार, अशी कुजबुज होती. आमच्या गल्लीतला झिम्बाब्वेचा पोरगा बॅग भरूनच ठेवत होता. त्या रात्री मात्र तो आणि घरमालकीणबाईंचा मुलगा एकाच ब्लँकेटखाली नाचत होते.

२ जुलैचा घाना-उरुग्वे सामना आम्ही त्यांच्याच घरी टीव्हीवर पाहिला. शेवटच्या क्षणी गोलरेषेवर उरुग्वेच्या सुआरेझने हाताने चेंडू अडवला, ग्यानची पेनल्टी क्रॉसबारला लागली आणि मग शूटआऊटमध्ये घाना हरलं. तेवढ्यावर गप्प बसतील तर ती माणसं कसली! रात्री उशिरापर्यंत वाद चालला. झिम्बाब्वेचा पोरगा म्हणत होता, नियमाप्रमाणे रेड कार्ड दिलं, पेनल्टी दिली, अजून रेफ्रीने काय करायचं? बाईंचा मुलगा टेबलावर मूठ आपटत होता, हाताने अडवलेला गोल तो गोलच, तो द्यायलाच हवा होता. माझं मत आजही बाईंच्या मुलाच्या बाजूने आहे.